मध्यंतरापर्यंतचा परीक्षक

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे वर्गातली नाहीतर ऑफिसातली खुर्ची येईल. मी तशी नाही. मी केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे. मला पाय एकच, पण तो बिडाचा आणि चांगला जाडजूड आहे. मला गोल फिरता येतं, वरखाली होता येतं, आणि गिऱ्हाइकाचं डोकं ठेवायला माझ्या पाठीवर एक टेकूही आहे. तो हल्ली एका बाजूला कलतो, हे मान्य करते.

माझ्या थाटाच्या गोष्टी सांगून तुम्हाला दिपवून टाकावं, असं आधी मनात होतं. पण बोलायला बसले की एकच गोष्ट पुढे पुढे येते, आणि ती थाटाची नाही, लाजेची आहे. तरी सुरुवातीपासून सांगते. मी पहिल्यापासून अशी मान खाली घालून बसणारी नव्हते, एवढं तरी तुम्हाला कळू दे.

एका कारखान्यात माझा पाय ओतला गेला. दुसऱ्या कुणीतरी माझा सांगाडा बसवला आणि तिसऱ्याने त्यावर लाल रेक्झिन चढवून पितळी खिळे ठोकले. हातगाडीवरून दुकानात आले तेव्हा मला बघायला अर्धी गल्ली जमली होती. दुकान तेव्हा आत्ताच्या मालकाच्या वडिलांचं होतं. ते आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा यायचे, मला तेल घालायचे, ओल्या फडक्याने पुसायचे आणि निघताना पाठीवर थाप मारायचे. लहान मुलं आली की माझ्या दोन्ही हातांवर फळी टाकून त्यांना वर बसवत. ती भोकाड पसरत, लाथा झाडत, माझ्या रेक्झिनला बोटं खुपसत. मला त्याचं काही वाटत नसे. आज त्यांची मुलं त्याच फळीवर बसून भोकाड पसरतात.

समोरच्या आरशाला वाटतं, दुकानातलं सगळं त्यालाच दिसतं. तो तसा जरा मिजासखोर आहे. पण गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं की त्याखाली हातांचं काय चाललंय, ते त्या शहाण्याला दिसत नाही. ते मला कळतं, कारण ते हात माझ्या हातांवर असतात. नोकरीच्या मुलाखतीला जाणारा पोरगा तोंडाने शीळ घालत असला तरी खाली बोटांनी ताल धरत असतो, तोही चुकीचा. टक्कल पडू लागलेला माणूस वरून विनोद करतो आणि खाली मला घट्ट धरून ठेवतो. तोंड काय, वाटेल ते बोलतं. हातांना ते जमत नाही.

वडील थकले आणि दुकान मुलाकडे आलं. मुलाचा हात वडिलांपेक्षाही हलका. वस्तरा गालावरून फिरला की नाही, ते गिऱ्हाइकाला कळायचं नाही. पण त्याला दोन खोडी होत्या. एक सिनेमाचं वेड आणि दुसरी, बघितलेल्या सिनेमावर मत देण्याचं त्याहून मोठं वेड. आमच्या भागात थिएटर एकच. दर शुक्रवारी तिथे नवा सिनेमा लागायचा आणि रविवारी सकाळी दुकानात त्याचा निकाल लागायचा. चांगला असला की हा म्हणायचा, "एकदम गुळगुळीत, कुठे खुंट म्हणून नाही." लांबलेला असला तर, "मागून चांगला चार बोटं कापायला हवा होता." हिरो पसंत पडला नाही तर, "नुसताच भांग, खाली डोकं रिकामं."

लोक हसून हसून बेजार व्हायचे. शेजारचा औषधवाला तर आपल्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की पेपर घेऊन आमच्याकडेच येऊन बसायचा, फक्त हे ऐकायला. त्यानेच याला 'परीक्षक' असं नाव ठेवलं आणि ते चिकटलं. "काय परीक्षक, जाऊ का बघायला?" असं विचारल्याशिवाय आमच्या गल्लीतून कुणी तिकीट काढत नसे. मलाही याचा अभिमान होता. अशा नावाजलेल्या माणसाची खुर्ची म्हणून मीही जरा फुगून बसायचे.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा फक्त त्याच्या बायकोला आणि मला ठाऊक होती. हा सिनेमे अर्धेच बघायचा. दुपारी दुकान बंद असतं, त्या वेळात हा शनिवारचा दुपारचा खेळ गाठायचा. पण ऑफिसं सुटायच्या आत शटर उघडायला हवं, म्हणून मध्यंतर झालं की निघून यायचा. उरलेला सिनेमा तो वाटेत चालता चालता स्वतःच तयार करायचा. बायको दुपारी डबा घेऊन आली की त्याला चिडवायची.

"अर्धा सिनेमा बघायचा आणि मत मात्र अख्खं! कधी तोंडावर पडाल."

"अगं, गिऱ्हाईक बसलं की नुसत्या मानेवरून मला कळतं कसं आहे ते. सिनेमाचं वेगळं काय असतं?"

"मानेवरून दाढी करा मग," ती म्हणायची आणि रिकामा डबा उचलून जायची.

एका गुरुवारी सकाळी एक म्हातारे गृहस्थ दुकानात आले. नवीनच होते. पलीकडच्या इमारतीत लेकीकडे राहायला आले होते, एवढंच आम्हाला माहीत. पांढरी दाढी छातीपर्यंत वाढलेली, कपडे मात्र कडक इस्त्रीचे. बसताना त्यांनी माझ्या हातांवर आपले तळहात अलगद ठेवले, परक्या घरात ठेवावेत तसे. अंगात वजन फार नव्हतं.

"पूर्ण काढा," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ. आज जरा बाहेर जायचंय."

"लग्नबिग्न आहे की काय, आजोबा?"

"छे हो. असंच." आणि मग थोडं थांबून, कापडाखाली बोटं एकमेकांत गुंतवत त्यांनी विचारलं, "इथल्या थिएटरला या आठवड्यात एक सिनेमा लागलाय म्हणतात. तुम्ही बघितला का?"

मित्रांनो, त्या बोटांना मी ओळखायला हवं होतं. शाळेत निकालाच्या दिवशी मुलं अशीच बोटं गुंतवून उभी राहतात. पण मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, गप्पांना विषय काढतोय.

आमच्या परीक्षकाला तेवढंच हवं होतं. "बघितला ना! शनिवारीच," असं म्हणत त्याने कात्रीने दाढी उतरवायला सुरुवात केली. "आजोबा, तुम्ही त्या फंदात पडू नका. घरी पंख्याखाली झोपा, तेवढंच पुण्य."

बाकावरच्या औषधवाल्याने पेपर खाली केला. "का हो, एवढा वाईट?"

"वाईट? अहो, एक म्हातारा बाप आहे त्यात. खिडकीत बसतो. बसतो म्हणजे बसतोच! मुलगा निघून गेला, बसलाय. सून बडबडतेय, बसलाय. बोलणं नाही, हलणं नाही, पापणी लवेल तर शपथ. कुठून धरून आणला कोण जाणे. मी म्हणतो, त्याच्याऐवजी आमची ही खुर्ची नेऊन ठेवायची होती. ही निदान कुरकुरते तरी!"

औषधवाला मांड्यांवर थापा मारून हसला. "खुर्चीला बक्षीस मिळालं असतं!" असं म्हणून, डोळे पुसत, आपल्या दुकानात गिऱ्हाईक आलेलं पाहून तो निघून गेला. आणि मी? मला क्षणभर बरं वाटलं. सिनेमाच्या गोष्टीत माझं नाव निघालं होतं. तो एक क्षण आठवला की आजही माझे स्क्रू ढिले झाल्यासारखे वाटतात.

कारण त्याच क्षणी कापडाखालचे ते दोन हात माझ्यावर आवळले गेले. खूप जोरात नाही. बस चालता चालता धक्का बसला की माणूस समोरची दांडी पकडतो, तेवढेच. मला सगळं कळलं. मी कुरकुरले, माझ्या आवाक्यात तेवढंच होतं.

"बघा, लगेच बोलली!" आमचा परीक्षक खूश होऊन म्हणाला आणि त्याने म्हाताऱ्यांच्या चेहऱ्याला फेस लावला.

मग वस्तरा चालू झाला. एक गाल उघडा झाला. मग हनुवटी, तिच्यावर मधोमध एक खळी. मग दुसरा गाल. आमच्या परीक्षकाचं बोलणं हळूहळू तुटक होत गेलं. शेवटी वरच्या ओठावरचा फेस निघाला आणि वस्तरा हवेतच थांबला. शनिवारी दुपारी त्याने पडद्यावर जो चेहरा बघितला होता, तो त्याने आपल्याच हाताने दाढीखालून बाहेर काढला होता.

आरशात दोघांची नजर मिळाली. म्हाताऱ्यांनीच आधी डोळे वळवले, जणू चूक त्यांची होती.

"बरं झालं तुम्ही सांगितलंत," ते म्हणाले. "आमच्याकडून ते सिनेमावाले तुकड्या-तुकड्यांनी काम करून घेतात. कुठलं आधी, कुठलं नंतर, काही कळत नाही. मी अजून बघितलेला नाही. मला आपलं वाटलं होतं, जमलंय."

"आजोबा, तसं नव्हे... म्हणजे मी..." परीक्षक वस्तरा फडक्याने पुसू लागला.  बाकावरचं पुढचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं होतं. म्हातारे गृहस्थ स्वतःच कापड सोडून, झटकून, घडी करून ठेवून गेले.

त्या दिवशी दुपारी त्याने डबा उघडलाच नाही. बायकोने विचारलं तर म्हणाला, "पोट बिघडलंय."

संध्याकाळी दुकान भरलेलं असताना दारात एक बाई येऊन उभी राहिली. ऑफिसातून तशीच आली असावी, खांद्याला पर्स होती. पुरुषांच्या दुकानात आत यावं की नाही, या विचारात ती उंबऱ्यावरच थांबली.

"माझे बाबा सकाळी इथे दाढी करायला आले होते ना?"

"हो," आमचा माणूस म्हणाला. हातातला कंगवा तसाच.

"सकाळी एवढे खुशीत होते. आई गेल्यापासून दाढीला हात लावू देत नव्हते, आज स्वतःहून निघाले. आणि घरी आले ते भिंतीकडे तोंड करून झोपलेत. येत नाही म्हणतात." तिने दुकानातल्या सगळ्यांकडे पाहिलं. "त्यांनी सिनेमात काम केलंय हो. आयुष्य बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करण्यात गेलं, कधी कुणी तोंड पाहिलं नाही. म्हटलं, एकदा मोठ्या पडद्यावर बघू दे त्यांना स्वतःला. आज शेवटचा खेळ आहे, उद्या सिनेमा बदलतोय. इथे काही झालं का? कुणी काही बोललं का त्यांना?"

खुर्चीत गिऱ्हाईक, बाकावर चौघेजण, सगळे याच्याकडे बघत होते. मित्रांनो, तेव्हा याने एवढंच म्हणायचं होतं की ताई, चूक माझी आहे, मी अर्धाच सिनेमा बघितलाय, चला, मी येऊन सांगतो. सिनेमा सुरू व्हायला अजून वेळ होता. म्हाताऱ्यांना उठवता आलं असतं. मी सगळं अंग ताणून वाट बघत होते.

"नाही हो," तो म्हणाला. "छान गप्पा झाल्या. वय झालं की असं होतं कधीकधी."

ती "बरं" म्हणाली आणि गेली. मला माझ्या मालकाची इतकी लाज कधी वाटली नव्हती. सकाळी तो नकळत बोलला होता. आता मात्र सगळं कळून सवरून गप्प बसला होता, आणि तेही 'परीक्षक' हे चार लोकांनी थट्टेत ठेवलेलं नाव जाऊ नये म्हणून.

त्याने पुढच्या गिऱ्हाइकाच्या केसांत कात्री घातली आणि थांबला. पुन्हा घातली, पुन्हा थांबला. मग एकाएकी म्हणाला, "मंडळी, आज दुकान बंद. जमत नाही." कुरकुर झाली, पण सगळे उठले. शटर धाडकन खाली आलं आणि मी अंधारात एकटी राहिले.

रात्री सिनेमा सुटल्यावर तो घरी न जाता दुकानातच आला. शटर अर्धंच वर करून वाकून आत शिरला आणि माझ्यावर येऊन बसला. इतकी वर्षं माझ्यामागे उभा राहणारा माणूस पहिल्यांदा माझ्यावर बसला होता. त्याने आरशाकडे पाठ होईल असं मला फिरवलं. त्याचे हात माझ्या हातांवर आवळले गेले, अगदी सकाळच्या त्या हातांसारखे. थोड्या वेळाने त्याला शोधत बायको आली.

"काय झालं? मी घरी वाट बघतेय."

त्याने सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. त्या बाईशी खोटं बोललो, तेही सांगितलं. मग म्हणाला, "ते नाही आले. मी थिएटरच्या दारातच उभा होतो, आले तर पाय धरीन म्हणून. शेवटी आत जाऊन बसलो. आणि अगं, मध्यंतरानंतरच आहे सगळं! तो म्हातारा खिडकीतून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या बघत असतो. मुलगा यापैकी कुठल्यातरी गाडीने येईल म्हणून. म्हणून तो हलत नाही. मी त्याला खुर्ची म्हणालो. शेवटी मुलगा येतो, दारात उभा राहतो, त्याला वाटतं आता बाप शिव्या घालणार. आणि म्हातारा इतका वेळ बंद असलेलं तोंड उघडतो आणि एवढंच म्हणतो, 'गाडीला फार उशीर झाला.' बस्स. काय आवाज आहे! दिवे लागले तरी कुणी उठेना."

बायकोने या वेळी त्याला चिडवलं नाही. "मग आता?"

"आता काय, सिनेमा गेला."

"सिनेमा गेला. ते आहेत ना?"

दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या दारी गेला. बाबा झोपलेत, असं लेकीने सांगितलं. परत गेला, तेव्हा ते फिरायला गेले होते. लेकीला सगळं सांगितलं, तेव्हा तिने नुसतं दार लावून घेतलं. हे त्याने डबा घेऊन आलेल्या बायकोला सांगितलं, तेव्हा मला कळलं. रविवारी औषधवाल्याने नेहमीसारखी साद घातली, "काय परीक्षक, नवा कसा आहे?" तेव्हा यानं कात्री खाली ठेवली.

"मला त्या नावाने हाक मारू नका. मी आजवर सगळे सिनेमे मध्यंतरापर्यंतच बघितले. पुढचं मनाचं सांगत होतो."

औषधवाल्याने पेपराची घडी करून बाकावर ठेवली. मग औषधवाला हळूच म्हणाला, "म्हणजे त्या भुताच्या सिनेमात शेवटी भूत कोण निघालं, ते..."

"मला काय माहीत!"

हसू तर सगळ्यांना आलं, पण कुणी मोकळं हसलं नाही. आणि त्या खिडकीतल्या म्हाताऱ्याला आपणही हसलो होतो, हे बहुधा औषधवाल्याला आठवलं असावं. तो पेपर न घेताच निघून गेला.

बरेच दिवस गेले. म्हातारे गृहस्थ आमच्या दुकानावरून कधी गेले तर पलीकडच्या बाजूने जात. दाढी पुन्हा वाढत चालली होती. ते दिसले की आमचा माणूस मान खाली घालून वस्तरा पुसत बसायचा, तो आधीच स्वच्छ असला तरी.

आणि एका सकाळी ते आत आले. सरळ माझ्यावर बसले आणि तळहात अलगद माझ्या हातांवर ठेवले. आमच्या माणसाने कापड उचललं, आणि मग ते परत खुंटीला अडकवलं. आधी त्याने मला हळूच फिरवलं, इतकं की दोघे समोरासमोर आले.

"आजोबा, दाढीच्या आधी मला बोलायचंय. मी त्या दिवशी..."

"लेकीने सांगितलं मला."

"पण मला तुमच्या तोंडावर सांगायला हवं. मी अर्धाच बघितला होता. नंतर पूर्ण बघितला. तुमच्या मुलीने विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. माझ्यामुळे तुमचा तो खेळ हुकला. तो काही मला परत आणता येत नाही."

म्हाताऱ्यांनी माझ्या हातावरून एक बोट फिरवलं. मग ते म्हणाले, "पोरगी म्हणते, मोबाइलवर येईल कधीतरी. त्यात मी केवढासा दिसणार, अंगठ्याएवढा." आणि मग त्यांनी विचारलं, "लोक हसले का हो? मी बसलेलो असताना?"

"एकही माणूस हसला नाही."

"मग सांगा. तुम्ही बघितलाय ना पूर्ण? तुमच्याच तोंडून ऐकतो."

मग आमच्या माणसाने सांगायला सुरुवात केली. या वेळी त्यात विनोद नव्हता, वाटेत मनाने रचलेलं काही नव्हतं. खिडकीवर उजेड कसा पडला होता, गाडी गेली की म्हाताऱ्याचा हात गजावरून कसा खाली यायचा, पुढच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून कशी बसली होती, असं सगळं.  म्हातारे गृहस्थ डोळे मिटून ऐकत होते आणि माझ्या हातांवरची त्यांची बोटं एकेक करून सैल होत होती. शेवटाशी येऊन आमचा माणूस थांबला.

"पुढचं मला सांगता येत नाही, आजोबा. तुम्हाला मी खुर्ची म्हणालो होतो. मला माफ करा."

त्यांनी डोळे उघडले. माझ्या हातावर दोन बोटांनी टकटक केली, जणू मला म्हणत होते, ऐक गं तूही. आणि सगळं दुकान भरून जाईल अशा खणखणीत आवाजात, पण अगदी सावकाश, ते म्हणाले,

"गाडीला फार उशीर झाला."

आमच्या माणसाने तोंडाला टॉवेल लावला. तो बराच वेळ तसाच उभा होता आणि गिऱ्हाईक त्याची वाट बघत शांत बसलं होतं.

मित्रांनो, आता माझं रेक्झिन जागोजागी फाटलं आहे आणि मला मोडीत काढायची भाषा अधूनमधून होते. काढतील तेव्हा काढोत. मला फिरवून मजा करा, माझ्यावर उड्या मारा, मी रागावणार नाही. फक्त एक करा. सिनेमा कसा होता, असं तुम्हाला कुणी विचारलं तर तोंड उघडण्याआधी, आपण शेवटपर्यंत बसलो होतो का, ते आठवून बघा. आणि विचारणाऱ्याचे हात कापडाखाली असले, तर बोलताना जरा जपून. आमच्या दुकानात हल्ली शनिवारी संध्याकाळी शटर उशिरा उघडतं. लोक बाहेर उभे राहून ओरडतात, पण मालक येईपर्यंत थांबतात. मी आत रिकामी बसून असते, आणि मला त्याची मुळीच तक्रार नाही.